पाव सूर खाली

दिवा राहू दे रे, मालवू नकोस. मला भीती वाटते म्हणून नाही, तुमची तोंडं दिसायला हवीत. ही गोष्ट सुरुवातीला हसण्यासारखी आहे, तेव्हा हसून घ्या. पण मागाहून कोणी हसलं, तर कान धरून बाहेर काढीन.

माझ्या ओळखीतला एक माणूस, वाद्यं जुळवून देणारा. सगळे त्याला कानसेन म्हणायचे. दोन गल्ल्या पलीकडे कोणाचा पंखा कुरकुरतोय, हे त्याला अंथरुणात पडल्या पडल्या कळायचं. बायको म्हणायची, "ह्यांना जगातलं सगळं ऐकू येतं, मी बोललेलं सोडून."

तर अकरा वर्षांपूर्वीचा फेब्रुवारी. गुरुवार. रात्रीचे पावणेदहा. कानसेन खांद्याला पिशवी अडकवून नाट्यगृहाच्या मागच्या दाराशी आला. दुसऱ्या दिवशी तिथे मैफल होती. तीनशे वर्षांपूर्वीच्या ऑपेरांमधली गाणी, बरोक म्हणतात त्या काळातली, आणि गाणारे तीन काऊंटरटेनर. म्हणजे कोण? म्हणजे चांगले दाढीमिशावाले बाप्ये, पण गातात बायकांच्या पट्टीत. हं, हसलास ना? अरे, त्या ऑपेरांतले राजे आणि सेनापती त्याच आवाजात रडायचे. एकदा ऐक, अंगावर काटा येतो की नाही बघ. त्यांच्या साथीला हार्पसिकॉर्ड, पियानोचा पणजोबा समजा. त्याच्या दोनशे तारा जुळवायचं काम कानसेनकडे. त्याला टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता लागायची, म्हणून तो रात्रीच बसायचा.

रखवालदार कुलूप काढत म्हणाला, "चार वर्षांनी आलात, साहेब."

"हो," म्हणाला कानसेन. पिशवी सावरत आत शिरला.

चार वर्षांपूर्वी याच रंगमंचावर त्याचा मुलगा गायला होता. एकुलता एक, आणि तोही काऊंटरटेनर. बापाला ते कधी रुचलं नव्हतं. पोराच्या मैफलीची वाद्यं जुळवायचा, आणि गाणं सुरू व्हायच्या आत घरी निघून जायचा. त्या दिवशी तालमीत पोरगा जवळ आला, हळूच म्हणाला, "बाबा, आज सगळं पाव सूर खाली घ्याल? वरचं झेपत नाहीये."

काही अवघड नव्हतं. व्हायोलिनवालेही आपल्या तारा उतरवायला तयार होते. पण कानसेनचं डोकं फिरलं. चारचौघांत म्हणाला, "गळ्यासाठी सूर खाली येत नसतो. झेपत नसेल तर पुरुषासारखं गा."

पोरगा संध्याकाळी गायला. शेवटचं गाणं विलापाचं होतं, त्यात एक लांबलचक सूर. तो ऐन मध्यावर फाटला. पोराने मान लववली, आत गेला, आणि पुन्हा कधी गायला नाही. घशात गाठ होती त्याच्या. पंधरा दिवसांपासून त्याला माहीत होतं, घरात कोणाला बोलला नव्हता. पुढे पाच महिने काढले. शेवटी शेवटी आवाजच गेला, वहीत लिहून पाणी मागायचा. बाप रोज उशाशी बसायचा. "चुकलं माझं" एवढे दोन शब्द रोज ओठांपर्यंत यायचे आणि परत जायचे. आज म्हणू, उद्या म्हणू. मग एके दिवशी उद्या उजाडला, आणि पोरगा नव्हता.

...तर त्या रात्री रखवालदार बाहेरून दार लावून आपल्या खोलीत गेला. रंगमंचावर एकच दिवा. समोर आठशे रिकाम्या खुर्च्या. कानसेनने ट्यूनिंग फोर्क, म्हणजे सूर देणारा पोलादी चिमटा, गुडघ्यावर आपटला, कानाशी धरला, किल्लीने खुंटी पिळली. पहिली तार लागली.

आणि अंधारातून कोणीतरी तो सूर धरला. तोंड मिटून, गुणगुणल्यासारखा.

"कोण आहे?"

काही नाही.

रखवालदार असेल, म्हणाला मनाशी. दुसरी तार. पुन्हा तोच आवाज, मागच्या रांगेतून. पण तारेशी जुळेना. जरासा खाली होता.

पाव सूर खाली.

बाकी कशात चुकेल, पण कानात? तो आवाज त्याने पोर पाळण्यात असल्यापासून ऐकला होता.

"बाळा...?"

फक्त तो सूर. थांबलेला. वाट बघणारा...

पळून जाता आलं असतं. पायांनी तसं सांगितलंही. आणि तारा उतरवाव्यात, तर सकाळी दहाला पाहुण्या गायकांची तालीम. वाद्य उतरलेलं सापडलं की चाळीस वर्षं कमावलेलं नाव पाण्यात. कानसेनने किल्ली धरली, आणि उलटी फिरवली. तार खाली आणली. सूर जुळला.

मग पुढची. मग पुढची. दर तारेला आवाज आधी सूर द्यायचा. दर तारेला थोडा जवळून. दहावी रांग... पाचवी... पहिली... कानसेनने मान वर केली नाही.

तीन वाजून दहा मिनिटांनी शेवटची तार लागली.

शांत.

त्याने विलापाचे पहिले सूर वाजवले. आणि पाठीशी, अगदी पाठीशी, पोरगा गायला. सगळं गाणं. तो लांब सूर आला... वर गेला...

फाटला नाही.

गाणं संपलं. कानसेन बसला होता त्या बाकाच्या रिकाम्या कडेवर कोणी बसावं तशी लाकडाची कुरकुर झाली.

"चुकलं माझं," म्हणाला कानसेन. "चुकलं रे माझं, राजा."

...

...कितीतरी वेळाने मान वळवून पाहिलं. कोणी नव्हतं. मग तो लहान मुलासारखा हमसून हमसून रडला, आणि तिथेच वाद्यावर डोकं टेकून झोपला.

साडेसातला रखवालदाराने हलवून उठवलं. कानसेन धडपडत उठला, दोनशे तारा परत चढवायच्या होत्या. फोर्क आपटला, पट्टी दाबली. तार बरोबर. दुसरी बरोबर. दोनशेच्या दोनशे तारा परत आपल्या जागी चढलेल्या. किल्ली त्याच्या मुठीत होती, इतकी घट्ट की तळव्यावर वळ उमटला होता. दार बाहेरून बंद होतं.

त्या संध्याकाळी तो घरी गेला नाही. पडद्याआड स्टुलावर बसून तिघांचंही गाणं शेवटपर्यंत ऐकलं.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. हार्पसिकॉर्ड म्हणजे तान्हं पोर. जरा हवा बदलली की बिनसलंच. आज जुळवा, परवा परत किल्ली घेऊन बसा. पण ते वाद्य त्या सकाळपासून आजपर्यंत उतरलेलं नाही. अकरा उन्हाळे, अकरा पावसाळे, एकही तार नाही. कानसेन अजून दर महिन्याला पिशवी घेऊन जातो. एकेक पट्टी दाबून बघतो, झाकण लावतो, घरी येतो.

गेल्या आठवड्यात मी म्हटलं, "भाग्यवान आहेस लेका, कामच उरलं नाही तुला."

तो म्हणाला, "एक तरी तार उतरू दे रे. म्हणजे मला परत रात्रभर बसता येईल."