नऊ नंबरच्या टेबलावरची जास्तीची ओळ

ज्या वर्षी थोरल्या लेकीला जुळं झालं, त्याच वर्षी टेलिफोन खात्याने लाइनमनला कॉलेजात धाडलं. वय सत्तावन्न. चौतीस वर्षं खांबावर काढलेल्या माणसाने आता बाकावर बसून शिकायचं होतं, की एका गावचं नेटवर्क दुसऱ्या गावच्या नेटवर्कला कसं जोडतात. विषयाचं नाव होतं 'दूरसंचार आणि विस्तृत क्षेत्र जाळे : प्राथमिक ओळख'. ते म्हणतानाच धाप लागायची.

खात्याचा हुकूम सरळ होता. पास झालात तर इथेच काम. नापास झालात तर दोन दिवसांच्या प्रवासावरचं गोदाम, निवृत्त होईपर्यंत. लेक बाळांना घेऊन माहेरीच होती, जावई जहाजावर. एक बाळ कुणाकडेही जायचं. दुसरं लाइनमनच्या खांद्यावाचून झोपायचं नाही.

"नापास होऊन बघा," बायको म्हणाली, "मग याला तुमचा शर्ट घालून झोपवते."

म्हणून तो दर गुरुवारी सकाळी नऊ नंबरच्या टेबलाशी बसायचा. प्रयोगशाळा तळमजल्यावर होती. बारा टेबलं, बारा कॉम्प्युटर, भिंतीलगत राउटरचं कपाट, त्यातल्या पंख्यांची घरघर आणि तापलेल्या प्लॅस्टिकचा वास. शिकवणाऱ्या मॅडम त्याच्या लेकीच्या वयाच्या. हुशार होत्या, पण सहनशक्ती कमी. बाकीची पोरं त्याला खांबकाका म्हणायची.

त्या गुरुवारचं काम सोपं होतं. दूरच्या शाखेकडे निरोप सोडायचा आणि तो वाटेत कुठून कुठून गेला, ते पडद्यावर बघायचं. वाटेतल्या प्रत्येक ठाण्याची एक ओळ उमटते. ओळीत पत्ता, आणि पुढे तीन आकडे, कारण निरोप तीनदा जातो. जाऊन यायला जितका वेळ, तितकं अंतर. मॅडमनी फळ्यावर लिहिलं : एक मिलिसेकंद म्हणजे अंदाजे शंभर किलोमीटर.

सगळ्यांना सहा ओळी आल्या. लाइनमनला सात.

"काका, तुम्ही काहीतरी दाबलंत."

"काही दाबलं नाही हो मॅडम."

"मग ही ओळ काय आभाळातून पडली?"

चौथ्या आणि पाचव्या ओळीच्या मध्ये ती होती. पत्त्याची जागा कोरी. पुढे आकडे : १८, १८, ३६.

"वेळ आहे म्हणजे पत्ता हवाच," मॅडम चिडून म्हणाल्या. "कुणी उत्तर दिल्याशिवाय वेळ मोजता येत नाही. पुन्हा करा." त्याने पुन्हा केलं. १८, १८, ३६. पाचदा केलं. मॅडमनी कपाळाला हात लावला आणि त्या पुढच्या टेबलाकडे गेल्या.

लाइनमन आकड्यांकडे बघत राहिला. दोन आखूड, एक लांब. जुन्या लाइनवर हा इशारा होता. तार तपासताना पलीकडच्या टोकाचा माणूस असा ठोका द्यायचा : मी इथे आहे, तिकडे कुणी आहे का? आणि तो ऐकला की हातातलं काम टाकून उत्तर द्यायचं, नाहीतर बिचारा खांबावर ताटकळायचा. चौतीस वर्षांत लाइनमनने एकही ठोका अनुत्तरित ठेवला नव्हता.

विचार करायच्या आधी त्याचा हात केबलवर गेला होता. त्याने ती खोबणीतून दोनदा पटकन आणि एकदा सावकाश काढून लावली.

पडदा क्षणभर थिजला. मग ओळी गेल्या.

पुढच्या गुरुवारी तीच ओळ, तीच कोरी जागा. आकडे १२, १२, २४.

"आता काय केलंत?" मॅडमनी विचारलं. त्यांनी स्वतः केबल बदलली, कॉम्प्युटर बदलला, राउटर बंद करून चालू केला. बारा, बारा, चोवीस. "माझ्या नोकरीत असा छळ कुणी केला नाही, काका."

दुपारी लाइनमनने जुन्या जोडीदाराला फोन लावला. तो दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाला होता आणि आता गुडघ्यांखेरीज कशाबद्दल बोलत नसे. पण हे ऐकून तो गुडघे विसरला.

"उत्तर दिलंस?"

"हात गेला माझा."

"आणि आपली रीत काय होती?"

रीत लाइनमनला पाठ होती. उत्तर मिळालं की पलीकडचा माणूस खांबावरून उतरायचा आणि तार बघत बघत उत्तर देणाऱ्याकडे चालत यायचा. उत्तर देणाऱ्याने जागा सोडायची नाही. आल्यावर दोघांनी मिळून परत जायचं.

"अरे, पण आठवड्यात सहाशे किलोमीटर?" लाइनमन म्हणाला. "कोण चालत येईल?"

जोडीदार बराच वेळ आकडेमोड करत होता. "तासाला साडेतीन. आपण तार बघत त्याच वेगाने चालायचो."

"आणि झोप? जेवण?"

"ते तू मला विचारू नकोस," जोडीदार म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

तिसऱ्या गुरुवारी आकडे होते ६, ६, १२. मॅडमचा जीव मेटाकुटीला आला. पुढच्या आठवड्यात परीक्षा, आणि ज्याच्या पडद्यावर सहाच्या सहा ओळी नीट येतील, त्यालाच पास करायचं असा नियम. त्यांनी लाइनमनला उचलून चार नंबरवर बसवलं आणि चारवरच्या चष्मेवाल्या पोरीला नऊवर.

चारवर सहा ओळी आल्या, स्वच्छ.

"बघा!" मॅडम म्हणाल्या. "सुटलात."

लाइनमनने मागे वळून पाहिलं. चष्मेवाली नाक मुरडून पडद्याकडे बघत होती. "मॅडम, आता मला सात येतायत. काकांनी मला लावून दिलं हे!"

पोरं हसली. लाइनमन हसला नाही.

आठवडाभर बाळ त्याच्या खांद्यावर झोपत होतं आणि तो जागा होता. चारवर बसलं की काम झालं. इथेच नोकरी, हेच घर, खांद्यावर हेच ऊन ऊन डोकं. बायकोने विचारलं, "अभ्यास झाला ना?" तो म्हणाला, "अभ्यास झालाय गं."

परीक्षेच्या दिवशी तो आत आला आणि सरळ नऊ नंबरपाशी जाऊन उभा राहिला.

"ऊठ बाळा. चारवर जा."

"का? तुमचं चारवर सगळं नीट येतं, काका."

"ऊठ म्हटलं ना."

मॅडम धावत आल्या. "आज? आज जागा बदलायची? काका, इथे सात ओळी आल्या तर मी नापास करीन. दया दाखवणार नाही."

"करा," लाइनमन म्हणाला आणि बसला.

त्याने हुकूम टाइप केला. ओळी उमटू लागल्या. एक, दोन, तीन, चार.

मग कोऱ्या जागेची ओळ. ०, ०, ०.

कपाटातले पंखे थांबले. सगळ्यांनी वर पाहिलं. पंखे पुन्हा सुरू झाले.

चारवरच्या चष्मेवालीने पुढे सांगितलं, की काकांनी शेजारची रिकामी खुर्ची पायाने बाहेर ओढली.

"आलास?" ते म्हणाले. "बस जरा. लांबून आलास."

मग एवढंच म्हणाले, "चल."

मॅडम तपासत तपासत नऊपाशी पोचल्या. पडद्यावर सहा ओळी होत्या. स्वच्छ, पत्त्यांसकट. त्यांनी सुस्कारा सोडला आणि पूर्ण गुण दिले. लाइनमन केबलवर हात ठेवून बसला होता. "काका, झालं तुमचं, उठा आता," त्या म्हणाल्या. दोनदा म्हणाल्या. तिसऱ्यांदा त्यांनी खांद्याला हात लावला.

पुढच्या गुरुवारी नव्या तुकडीचं पहिलं प्रॅक्टिकल होतं. नऊ नंबरवर आठ ओळी आल्या. मधल्या दोन ओळींना पत्ता नव्हता. ६, ६, १२. आणि तिच्याखाली पुन्हा ६, ६, १२. त्याच्या पुढच्या गुरुवारी दोन्हींवर १२, १२, २४. मॅडमनी वैतागून राउटरच्या कंपनीला तिसरं तक्रारपत्र लिहिलं.

लाइनमन परीक्षेच्या दिवशी, गुरुवारी, सोळा तारखेला, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी वारला. निकाल सोमवारी लागला. तो पास होता.