रंगाशिवाय

"सुई बाजूला ठेवा सर. मी सीटीसाठी रंग टोचून घेणार नाही."

"सातपुते, तुम्ही स्वतः डॉक्टर आहात. हट्ट कसला करताय?"

"डॉक्टर आहे म्हणूनच नको म्हणतेय."

चंद्रावरच्या तळावर जाणाऱ्या प्रत्येकाची आधी देहतपासणी व्हायची. ओवी सातपुते तिथल्या दवाखान्यात सीटीची चित्रं वाचायला निघालेली. आणि परवा तिच्याच चित्रात गाठ निघाली. मूत्रपिंडाच्या डोक्यावर टोपीसारखी बसते ना, त्या अधिवृक्क ग्रंथीत. दुखत नव्हतं, खुपत नव्हतं. फुप्फुसं बघताना सहज दिसली. पण तळाचा नियम होता: गाठीचा घनांक दहाच्या वर गेला तर ग्रंथी कापा, नाहीतर घरी बसा. तिचा आला अठ्ठावन्न. आज फेरतपासणी होती, आणि यान आजच सुटणार होतं.

तपासणीप्रमुख हर्डीकर सुई धरून उभेच.

"घनांक म्हणजे काय, सर?"

"माझी परीक्षा घेताय?"

"हो."

हर्डीकरांच्या नाकपुड्या फुगल्या. "शरीरात किरण किती अडतात त्याचं माप. पाण्याला शून्य. चरबी शून्याच्याही खाली."

"आणि निरुपद्रवी गाठीत बहुतेक वेळा चरबी भरलेली असते. म्हणून आकडा दहा किंवा त्याच्या खाली असला, गाठ सगळीकडून सारखी दिसली, की तिच्या वाटेला जायचं नाही. रक्तातली संप्रेरकं तपासून झालीत, ती ठीक आहेत. राहिलं काय मग?"

"अठ्ठावन्न राहिलं."

"ते रंग दिल्यावरचं. रंग रक्तातून गाठीत शिरतो आणि आकडा चढतो. दहाची अट रंग न देता काढलेल्या साध्या चित्रासाठी आहे. तुम्ही साधं चित्र काढता तरी का?"

इथे कुणीच काढत नव्हतं. रांग लांब, म्हणून बाहेर बाकावरच एकेकाच्या हातात सुई घालून रंग सोडून ठेवायचे. यंत्रात शिरणारा माणूस आधीच रंगलेला.

"एवढ्या वर्षांत एक तरी गाठ दहाच्या खाली आली का हो?"

"नाही. म्हणून तर सगळ्या कापल्या."

बोलून गेले, आणि त्यांनी सुई बाजूला ठेवली.

ओवीने त्यांच्याकडे बघितलंही नाही. बूट काढले, फळीवर आडवी झाली. "परवाचा रंग कधीच उतरलाय. चालू करा. अडवायचंय तर आकड्याने अडवा, आवाजाने नको."

हर्डीकरांनी बटण दाबलं. फळी आत गेली, बाहेर आली. पडद्यावर गाठ तीच, तेवढीच. घनांक चार.

यंत्राला वाद कळत नव्हता, नियम कळत होता. दहाच्या खाली. निर्गमनाचं दार आपोआप सरकलं.

ओवी बूट घालत होती. हर्डीकरांनी खिशातून डबी काढली, गोळी तोंडात टाकली, पाण्याशिवाय गिळली. तिला ती गोळी माहीत होती. दोन्ही बाजूंच्या ग्रंथी नसल्या की जन्मभर घ्यावी लागते.

"तुम्हीसुद्धा तळावर जायला निघाला होतात?"

"निघालो होतो. दोन्हीकडे गाठी निघाल्या. कापल्यावर म्हणाले, गोळीवरचा माणूस तळावर चालत नाही." त्यांचा आवाज खाली आला. "एक बासष्ट, एक साठ. रंग दिलेल्याच. सातपुते, तुम्ही चित्रं वाचता. त्या कसल्या होत्या, आता सांगता येईल?"

"जुनं साधं चित्र आहे?"

"इथे कोण काढतंय."

दार परत मिटायला लागलं. तिने पिशवी उचलली.

"बाहेर बाकावर माणसं बसलीत सर. आधी त्यांच्या सुया काढा. मला आता निघायला हवं."