डागाखालचं नाव

आमसुलाचं पाणी कागदावर सांडलं की डाग आधी गुलाबी दिसतो. वाळला की तपकिरी होतो आणि त्याच्या कडेने एक बारीक, गडद रेघ उमटते. चहाने कागद नुसता मळतो. आमसुलाने तो म्हातारा होतो.

*

विन्सेंटचा कुत्रा अनोळखी माणसावर भुंकतो, ओळखीच्यावरही भुंकतो, पोस्टमनवर तर विशेष. गेल्या मार्गशीर्षात तो शेजारच्या फाटकापाशी बसून शेपटी हलवायला लागला. फाटकात कोणी नव्हतं.

*

अक्षता दिल्याशिवाय आमंत्रण होत नाही. तोवर तो नुसता कागद.

*

कुडाळचा बँडवाला फोनवर म्हणाला, "ताई, गोरज मुहूर्त म्हणजे साधारण सहा धरू ना?"

*

कोलकात्याच्या एका गृहस्थाने कळवलं, की वस्तू अप्रतिम आहे, पण मला फोन करणारा तो माणूस कोण? भाषा कळली नाही. मागे पाण्याचा आवाज होता. बोलत मात्र फार प्रेमाने होता.

*

अमावास्येला लग्न कोणी धरत नाही.

*

तन्वीचा धंदा लोकांना समजावून सांगावा लागतो. भयपटात एखादा कागद दिसतो. वेड्यांच्या इस्पितळातला केसपेपर, बेपत्ता मुलीची जाहिरात, कोणीच न वापरलेलं परतीचं तिकीट. पडद्यावर तो जेमतेम दोन-तीन सेकंद असतो. पण जगात अशी माणसं आहेत, ज्यांना तो कागद हातात हवा असतो. तशाच पिवळ्या रंगाचा, तशाच घडीवर फाटत आलेला. तन्वी त्यांना तो करून देते, आणि प्रत्येकातला एक स्वतःकडे ठेवते. मुंबईत सिनेमांच्या कलाविभागात काही वर्षं काढून ती मालवणला परत आली, कारण आतेचे गुडघे गेले होते. वायरी गावातल्या घराची मागची पडवी तिने कामाला घेतली. तिथे छापायची जाळीदार चौकट, आमसुलाची पातेली, कागदाला धुरी द्यायला काजूची टरफलं. आते या सगळ्याला "तुझी भुतांची कागदां" म्हणायची आणि नाकाला पदर लावून तिथेच येऊन बसायची.

तन्वीचा एक नियम होता. प्रत्येक कागदात ती मुद्दाम एक चूक ठेवायची. केसपेपरवर तारीख एकतीस जून. तिकिटावर नसलेलं गाव. खोट्याने खरं म्हणून मिरवू नये, एवढंच.

त्या वर्षी मागणी आली ती एका जुन्या भयपटातल्या लग्नपत्रिकेची. सिनेमात ती पत्रिका एका घरी येते. नवऱ्याच्या नावावर ओल्या तळव्याएवढा डाग आहे, त्यामुळे नाव वाचता येत नाही. नवरी दिवेलागणीला नटून दार उघडते, बाहेर पडते, आणि मग सिनेमा संपेपर्यंत ती कोणालाही दिसत नाही. टेबलावर पत्रिका तेवढी राहते.

नवरीच्या नावातला पडद्यावर फक्त "य" कळतो. तन्वीने पुढे "शोदा" जोडलं. घरातलं नाव होतं, हाताशी होतं. तिथी घातली मार्गशीर्ष अमावास्या. ही तिची चूक. कोणत्याही मराठी माणसाला बघताक्षणी कळावी अशी.

यशोदाआतेने चष्मा लावून पत्रिका बघितली.

"शिरा पडो तुझ्या तोंडार! माझा नाव घातलंस?"

"भुताच्या लग्नाक दुसरा कोण उभा रवतला?"

आते इतकी हसली, की तिला खोकला आला. मग तिने पत्रिका डोळ्यांजवळ नेली.

"अमाशेक लगीन धरलंस गो खुळ्या?"

"मुद्दाम. खोटी आसा म्हणान लोकांका कळाक होया."

"हयल्या लोकांका कळात," आते म्हणाली. "दर्यातल्या माणसाक अमाशाच बरी. भरती मोठी असता. घरापर्यंत येवक मेळता." आणि लगेच, आवाज न बदलता, "पण ह्येचा नाव कशाक घातलंस? ह्येका तू कधी बघूक सुद्धा नाय."

"कोणाचा?"

"बाबलीचा."

तिचं बोट डागावर होतं.

तन्वीच्या हातातला कुंचला पातेल्यावर थांबला. त्यातून एक थेंब पडला. "थंय डाग आसा, आते."

"डाग आसा म्हणान काय झाला? माका दिसता."

बाबलीबद्दल तन्वीला जे माहीत होतं ते शेजारच्या विन्सेंटकडून, मधल्या दगडी गडग्यावरून ऐकलेलं. बाबली आणि यशोदाचं लग्न ठरलं होतं. तेवढ्यात तन्वी जन्मली आणि तिची आई गेली. बापाचं मन थाऱ्यावर नव्हतं. तान्ह्या मुलीला कोण बघणार? यशोदाने लग्न वर्षभर पुढे ढकललं. त्या वर्षात बाबलीची होडी गेली ती आलीच नाही. विन्सेंट त्याच होडीवर असायचा; त्या दिवशी तापाने घरी पडला होता. आतेने या गोष्टीचा उच्चार कधी केला नाही. तन्वीला वेणी घालताना नाही, रागावताना तर नाहीच.

पाकिटं भरायला आते बसली. बसल्या जागी होणारं काम तिला आवडायचं. सगळी पार्सलं पोस्टात पडल्यावर तन्वीला पडवीत लाल तांदूळ सांडलेले दिसले.

"ह्या काय?"

"अक्षत. पाकिटात घातली."

"आते! ती खेळण्यातली पत्रिका आसा!"

"असांदे. पत्रिका आसा मगे? अक्षत नाय घातली तर येतलो कोण?"

आयुष्यभर दुसऱ्यांच्या लग्नांत पाकिटं भरलेला हात. तो आपसूक वाटीकडे गेला असणार. तन्वीने स्वतःची अशी समजूत घातली. पण तिने पत्रिका मोजल्या तेव्हा दोन कमी भरल्या.

"पयली देवाक दिलंय," आते म्हणाली.

"आणि दुसरी?"

"व्याह्यांकडे नको काय?"

ती कुठे, ते विन्सेंटने सांगितलं. आते किनाऱ्यावर गेली होती. त्या गुडघ्यांनी. घोटाभर पाण्यात उभी राहून तिने नारळ आणि पत्रिका सोडली आणि हात जोडले. "मी म्हटलंय, यशोदा, काय चल्लाहा? तर माका म्हणता, तू पण ये जेवक," विन्सेंट म्हणाला. त्याला हसायचं होतं, पण जमलं नाही.

मग फोन सुरू झाले. तन्वीला नाही, पत्रिका घेणाऱ्यांना. नाशिकच्या बाईंना एका माणसाने विचारलं, तुमच्याकडून किती जण येणार? पुण्याच्या मुलाला विचारलं, मासे चालतात ना? प्रत्येकाला वाटलं, ही तन्वीचीच करामत, पत्रिकेबरोबरची गंमत. त्यांनी कौतुकाने कळवलं. आवाज कसा होता, असं तिने विचारलं. सगळ्यांनी एकच सांगितलं. तरुण. थोडा लाजरा.

बँडवाल्याला तिने चुकीचा नंबर लागलाय म्हणून सांगितलं. तो म्हणाला, "असं कसं? नवरदेव स्वतः सांगून गेले."

आते बदलत होती. वाईट काही नव्हतं, आणि तन्वीला भीती वाटत होती ती त्याचीच. आते सकाळी न कण्हता उठायची. पेज ढवळताना तोंडातल्या तोंडात गुणगुणायची. कपाटातून तिने एक हिरवी साडी काढून उन्हात टाकली. घडीवर विरलेली, कधीच न नेसलेली. तन्वीने तो सिनेमा पुन्हा बघितला आणि नवरी दार उघडते तिथे बंद केला. आईविना, आणि पुढे बापाविनाही, ती या एका माणसाच्या अंगाखांद्यावर वाढली होती. अमावास्येला दिवेलागणीला हे माणूस दार उघडून बाहेर पडणार होतं.

ती देवळात गेली. गुरवाला म्हणाली, ती पत्रिका परत द्या, चुकून आली.

"देवाक दिलेली पत्रिका परत मागतंस?" गुरव म्हणाला. "उद्या देवान इचारल्यान, तर मी काय सांगू?"

घरी येऊन तिने चौकट धुतली, उरलेल्या पत्रिका काजूच्या टरफलांवर जाळल्या. मग तिला सुचलं, की आमंत्रण कागदाने गेलंय तर ते कागदानेच मोडेल. तिने एक छोटी चिठ्ठी छापली. या वेळी चूक न ठेवता, कोऱ्या पांढऱ्या कागदावर. काही घरगुती कारणास्तव विवाह पुढे ढकलण्यात आला आहे. ती अक्षता आणि नारळ घेऊन किनाऱ्यावर गेली, पाण्यात उतरली.

आणि तिथे तिने ते वाक्य पुन्हा वाचलं.

हा निरोप या घरातून एकदा गेला होता. घरगुती कारण म्हणजे तीच होती.

लाट आली, घोट्यांना लागली, मागे गेली. वाट बघितल्यासारखी पुन्हा आली. तन्वीने चिठ्ठी चुरगळून मुठीत धरली आणि नारळ घेऊन घरी आली.

अमावास्येच्या सकाळी घरापुढच्या खळ्यात लग्नाचा माटव उभा होता. वर माडाची हिरवी झापं नीट विणलेली. विन्सेंट गडग्यापलीकडून बघत होता. "मी घालूक नाय गो बाय," तो न विचारताच म्हणाला. तन्वीने एका खांबाला हात लावला. माडाचा नव्हता. होडीचं लाकूड होतं, किड्यांनी पोखरलेलं, आणि होडीच्या तळाला चिकटतात तसे बारीक शिंपले त्याला वरपर्यंत चिकटलेले.

ओले.

दुपारी आतेने तिला बोलावलं. हिरवी साडी नेसून ती खाटेवर बसली होती. "केसांत फुलां घाल गो. माझो हात वर जाणा नाय."

तन्वीने अबोलीचा वळेसर माळला.

"आते, जाव नको."

"खंय?"

"त्याच्यावांगडा, दर्यात."

आते वळली. मग तिने तन्वीचा गाल चिमटीत धरला. ती लहान असताना धरायची तसा, दुखेपर्यंत.

"तुका टाकून तेव्हा गेलंय नाय, ती आता जातलंय? खुळा चेडू." तिने पदर नीट केला. "तोच येतलो. घरजावय. माका काय, लोक हसले तर हसांदेत."

सूर्य पाण्याला टेकला तेव्हा आते खळ्यात पाटावर उभी होती. समोर दुसरा पाट. आतेने तन्वीच्या हातात अंतरपाट दिला. धुवट पांढरं धोतर, मधोमध कुंकवाचं स्वस्तिक.

"एक टोक तू धर."

"आणि दुसरा?"

"तू धर म्हटलंय."

विन्सेंट गडग्याशी उभा होता. त्याने टोपी काढली. कुत्रा शेपटी हलवत होता.

तन्वीने टोक धरलं.

वेळ ओहोटीची होती, तरी भरतीचं पाणी वाडीच्या कडेला आलं होतं. माड सळसळत होते. थांबले.

दुसरं टोक जमिनीवरून उचललं गेलं.

हळूच. कापड ताणलं गेलं. तन्वीच्या उंचीपेक्षा किंचित वर, म्हणून त्या बाजूने कोणीतरी ते जरा खाली घेतलं. तिच्या बरोबरीला.

तिने कापडावरून पलीकडे बघितलं नाही. आतेकडे बघितलं. आते खाली मान घालून उभी होती, नवरीने उभं राहावं तशी, आणि तिच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू मावत नव्हतं.

ओल्या सुताचा वास आला. मिठाचा.

कोणीतरी श्वास आत घेतला.

माटवाच्या झापांवर अक्षता पडल्या. मग त्या आत पडल्या, आतेच्या केसांवर, तन्वीच्या मनगटांवर, समोरच्या पाटावर. बराच वेळ पडत राहिल्या. नाशिकहून, पुण्याहून, कोलकात्याहून, जिथे जिथे त्या पाकिटातून गेल्या होत्या, तिथून.

मग कापड सैल झालं.

आतेने मान वर केली. "जेवलास काय रे?" तिने विचारलं.

*

आते बरी आहे. गुडघे दुखतात, पण बाजारात जाते. सकाळी पेजेचे तीन वाडगे भरते. तिसरा कधी रिकामा होतो ते तन्वी बघत नाही. विसळायला मात्र तीच घेते, आणि त्याच्या काठावर मीठ असतं.

तन्वी अजून भयपटातले कागद करते. मुद्दाम ठेवायची चूक आता ती फार जपून निवडते. आतेला पाकिटांना हात लावू देत नाही.

लग्नानंतरच्या रविवारी विन्सेंट चर्चमधून थेट इकडे आला. चांगला सदरा घातलेला. पडवीतल्या रिकाम्या खुर्चीसमोर बसला आणि टोपी मांडीवर ठेवली.

"बाबल्या, मेल्या," तो म्हणाला, "केवढो उशीर केलंस." आणि रडायला लागला. आतेने त्याला पाणी दिलं. मग खुर्चीकडे बघून, हातवारे करत, ती दोघांत बसून हसू लागली.

सिनेमात नवऱ्याचं नाव कधी वाचताच येत नाही, म्हणून छापायच्या चौकटीत ती जागा तन्वीने कोरी ठेवली होती. डागाखाली तिने काहीच छापलं नव्हतं.