तासाची गोळी

"नंबर लावलाय का?" मगदूम काकांनी चष्म्यावरून बघत विचारलं.

"लावलाय की. पहिलाच आहे," प्रांजल म्हणाली.

"मग बस. डॉक्टर व्हिजिटला गेलेत, येतील इतक्यात."

ते डॉक्टर जाऊन कितीतरी वर्षं झाली होती आणि त्यांच्या दवाखान्याच्या जागेवर आता गाड्यांचं चार्जिंग स्टेशन उभं होतं. पण ऐंशीच्या घरातल्या सुभाष मगदूमांच्या डोक्यात मिरजेतला तो दवाखाना अजून रोज संध्याकाळी उघडायचा. ते तिथले कंपाउंडर होते. बाटलीवर कागदाची पट्टी चिकटवून डोस आखणारे, गोळ्यांच्या पुड्या बांधणारे आणि रडणाऱ्या पोरांना औषध पाजण्यात हातखंडा असलेले. अशा माणसाला औषध देण्याचं काम बावीस वर्षांच्या प्रांजल खाडेवर आलं होतं. म्हणजे आचाऱ्याला जेवायला वाढण्यासारखंच!

औषधही साधंसुधं नव्हतं. त्याचं खरं नाव लांबलचक आणि जीभ अडखळवणारं होतं. लोक त्याला 'तासाची गोळी' म्हणत. विस्मरणाच्या आजारात मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप पोचवेनाशा होतात. ही गोळी ते निरोप जेमतेम तासभर पुन्हा सुरू करते. त्या तासात माणूस पूर्वीसारखा होतो. घरच्यांना नावानं हाक मारतो, कालच्या तासात काय बोललो, दिवसभर काय केलं तेही त्याला आठवतं. तास संपला की पुन्हा सगळं पुसट. दिवसातून दुसरी गोळी दिली तर झटके येतात, म्हणून ती एकच आणि म्हणून ती जपून.

पूर्वी ही गोळी फक्त नर्सनंच द्यायची असा नियम होता. पण घरोघरी पोचायला तेवढ्या नर्स आणायच्या कुठून? मग गृहपरिचर तयार करायचं ठरलं. प्रांजल त्यातलीच. तिचं शिक्षण संपत आलं होतं आणि हे तिचं परीक्षेचं घर होतं. तिच्यासमोर टेबलावर एक पांढरं तबक होतं, गोळी आत बंद ठेवणारं यंत्र. योग्य माणूस, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य वेळ, योग्य मार्ग, या पाच गोष्टी ते तपासायचं. शेवटी रुग्णाच्या तोंडून 'हो' ऐकल्याशिवाय त्याचं झाकण उघडायचं नाही.

घोडं अडलं होतं ते या 'हो'वर. "मी काय पेशंट आहे?" म्हणून काका पहिले दोन दिवस उठून गेले होते. तिसऱ्या दिवशी प्रांजलला युक्ती सुचली. तीच पेशंट झाली.

"मला भीती वाटते. कडू असेल," आजही ती तोंड वाकडं करून म्हणाली.

काका विरघळले. "अगं, घाबरायचं काय त्यात? बघ, आधी मी घेतो, मग तू घे. चालेल?"

"तुम्ही घ्याल?"

"हो तर!"

झाकण उघडलं. काकांनी गोळी घेतली, वर घोटभर पाणी घेतलं आणि तोंड उघडून दाखवलं. मग प्रांजलनं तिची पेपरमिंटची गोळी खाल्ली आणि काकांनी तिच्या पाठीवर शाबासकी दिली. प्रांजल स्वतःवरच खूश होती. सुंठीवाचून खोकला गेला होता.

"प्रांजल," तबकातून सातपुते सिस्टरांचा आवाज आला. त्या प्रशिक्षण केंद्रात बसून तिचं काम बघत असत. "युक्ती छान आहे. पण एक सांग, ते 'हो' कशाला म्हणाले?"

"गोळी घ्यायला."

"नाही बाळ. तुझी भीती घालवायला 'हो' म्हणाले. ही गोळी आपली आहे, ती घेतल्यावर आपल्याला काय होणार आहे, हे त्यांना कुणी सांगितलं? यंत्राला एवढं कळत नाही. तुला कळायला हवं."

प्रांजलचा चेहरा उतरला. नापास होण्याची भीती होतीच, पण त्याहून जास्त काहीतरी टोचलं. कारण पुढचा अर्धा तास रोज तीच एकटी बघत होती. काकांची मुलगी स्नेहल हळदीच्या पेढीवर नोकरीला होती आणि गोळी पुरती लागू पडल्यावरच घरी पोचायची. तोवर काका शुद्धीवर यायचे. ते कसे यायचे, हे स्नेहलनं कधी पाहिलंच नव्हतं.

आजही तसंच झालं. आधी त्यांचे हात थांबले. मग त्यांनी खोलीभर नजर फिरवली आणि ती भिंतीवरच्या रिकाम्या खिळ्यावर येऊन थांबली. तिथे पूर्वी त्यांच्या बायकोचा, विमलकाकूंचा फोटो असायचा. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली. दिवसभर काका "विमल जयसिंगपूरला माहेरी गेलीय, सांजच्या गाडीनं येईल" असं सांगत मजेत असायचे. हार घातलेला फोटो दिसला की गडबडायचे, म्हणून स्नेहलनं तो काढून ठेवला होता. तासाच्या गोळीला मात्र खिळाही पुरत होता.

काका आवाज न करता रडले. मग त्यांनी टॉवेलनं तोंड पुसलं आणि चष्मा लावला.

"आज फार वेळ नाही रडलो," ते प्रांजलला म्हणाले. "सवय होत असेल."

प्रांजलनं खुर्ची जवळ ओढली. "काका, मी तुम्हाला फसवून गोळी देते. भित्री पोर होऊन."

"माहीत आहे की मला." ते हसले. "चांगलं सोंग करतेस."

"मग आता खरं विचारते. तुम्हाला ही गोळी हवी का?"

त्यांनी दाराकडे पाहिलं. स्नेहलची गाडी अजून आली नव्हती. "नको," ते म्हणाले. "दिवसभर माझी बायको माहेरी असते आणि संध्याकाळी मरते. रोज मरते गं. पण स्नेहूला सांगू नको. तिला माझ्याशिवाय कोण आहे? एरवी तिला मी 'ताई, ताई' म्हणतो. या एका तासात तिला बाप मिळतो."

बाहेर गाडी थांबली. काका ताठ बसले आणि स्नेहल आत येताच म्हणाले, "आलीस हळकुंडा! आज कुणाकुणाला पिवळं केलंस?" स्नेहल खळखळून हसली. उरलेला सगळा वेळ दोघं हसतच होती. प्रांजल मात्र स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी होती. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी तिची गत झाली होती.

निघताना तिनं स्नेहलला फाटकापाशी गाठलं आणि सांगून टाकलं. रुग्णाचा नकार घरच्यांपासून लपवायचा नाही, हे ती शिकली होती. पण नियम नसता तरी तिनं सांगितलं असतं. कोणी रोज एकट्यानं रडावं आणि दुसऱ्याला त्याचा पत्ताही नसावा, हे तिला सहन होत नव्हतं.

स्नेहल आधी भडकलीच. "चार महिन्यांचं ट्रेनिंग करून तू मला माझ्या वडलांबद्दल सांगणार? तो एक तास आहे म्हणून मी बाकीचा दिवस काढते. कळतंय का तुला?"

"कळतंय ताई."

"काय कळतंय? मी घरी येते तेव्हा अण्णा हसत असतात!"

"तुम्ही येता म्हणून हसतात."

फाटकाची कडी स्नेहलनं उगीचच लावली, काढली. मग तिनं विचारलं, "फार रडतात?"

प्रांजलनं होकारार्थी मान हलवली. तिच्याही डोळ्यांत पाणी होतं.

दुसऱ्या दिवशी स्नेहल लवकर घरी आली, गोळीच्या वेळेआधी. काकांनी तिला ओळखलं नाही, पण आलेल्या माणसाचं आगत-स्वागत करायला ते विसरले नव्हते.

"या ताई, बसा. आमची मंडळी माहेरी गेलीय, नाहीतर चहा झाला असता."

"असू द्या," स्नेहल म्हणाली. या वेळचे अण्णा तिला नेहमी परके वाटत. ती त्यांना जेवायला घाली, कपडे देई, पण बोलत बसत नसे. आज ती बसली. "मुलंबाळं काय तुम्हाला?"

"एकच मुलगी. शाळेतनं येईल आता." काकांचा चेहरा उजळला. "अभ्यासात बेताची आहे हो, खोटं कशाला सांगू! पण दवाखान्यात आली की रडणाऱ्या पोरांशेजारी जाऊन बसते. त्यांचा हात धरते. मी औषध पाजतो असं लोक म्हणतात, पण निम्मी पोरं तिच्यामुळं गप्प होतात. हे तिला अजून सांगितलं नाही मी. शेफारेल, म्हणून."

शुद्धीतल्या एवढ्या तासांत अण्णांनी हे कधीच सांगितलं नव्हतं. त्या तासांत ते तिला हसवण्यातच गुंतलेले असत. स्नेहलनं ओठ दाबून धरले.

"सांगा तिला," ती कशीबशी म्हणाली.

"सांगेन की. मोठी झाली की सांगेन."

वेळ झाली. तबकावरचा दिवा लागला. आज प्रांजलनं तोंड वाकडं केलं नाही. पेपरमिंटही आणलं नव्हतं. ती काकांसमोर खाली बसली. सिस्टर ऐकत होत्या, पण आज मधे बोलल्या नाहीत.

"काका, ही गोळी माझी नाही, तुमची आहे. तुम्हाला विसरायचा आजार झालाय. ही घेतली की तासभर सगळं आठवेल."

काकांनी चष्मा सारखा केला. ते चिडतील, उठून जातील असं तिला वाटलं होतं. ते गेले नाहीत. "सगळं म्हणजे? वाईट काही आहे का त्यात?"

"आहे. खूप वाईट आहे. आणि चांगलंही आहे. ते चांगलं तुमची वाट बघतंय."

"आणि नाही घेतली तर?"

"तर आत्ता आहात तसेच राहाल. काही बिघडणार नाही."

काका विचारात पडले. त्यांनी तबकाकडे पाहिलं, प्रांजलकडे पाहिलं. मग शेजारी बसलेल्या त्या अनोळखी बाईकडे वळले. तिचे डोळे भरून आले होते, आणि ते का, हे त्यांना कळत नव्हतं. पण माणूस भला वाटत होता. त्यांनी हलकेच तिच्या हातावर हात ठेवला.

"तुम्ही सांगा ताई," ते म्हणाले, "तुम्ही माझ्या जागी असता, तर घेतली असती का?"