कॅटॅलिस्ट मरेपर्यंत

"तुम्हाला सर्दी झालीय का?"

मी त्याच्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. आठवलं की अजून लाज वाटते, पण आता काय करणार!

त्याचं असं आहे, बसमध्ये माझ्या शेजारी कोणी बसत नाही. गाडी खचाखच भरलेली असो, माणसं दांड्याला लोंबकळत असोत, माझ्या शेजारची सीट रिकामीच. कारण माझा वास. अहो, आंघोळ करते मी, दिवसातून दोनदा करते! पण आमच्या कारखान्यात खाद्यतेल शुद्ध करून उरलेला गाळ येतो, टँकरच्या टँकर, आणि त्याचं डिझेल होतं. मी तिथल्या लॅबमध्ये तो गाळ तपासते. खवट, आंबूस वास... केसांत शिरला की निघायचं नाव घेत नाही. वहिनी दर भेटीत हातावर नवा शाम्पू ठेवते. बोलत काही नाही, नुसता ठेवते.

आणि त्या सकाळी हा आला, खांद्यावरची बॅग मांडीवर घेतली आणि सरळ माझ्या शेजारी बसला.

"सर्दी? नाही हो." मग जरासा वळून— "ॲसिड ऑइल ना?"

मी थक्क. लोक नाकाला रुमाल लावतात आणि हा वासाला नावानिशी ओळखतोय!

"कसं ओळखलंत?"

"तुमच्याच कारखान्यात चाललोय. कॅटॅलिस्ट बदलायला."

"म्हणजे बसमधून उतरल्यावरही पिच्छा सुटणार नाही म्हणा की माझा."

"अकरा दिवस," तो हसला. "मग सुटलात."

आमच्याकडे गाळ तापवून, हायड्रोजनच्या दाबाखाली एका उंच रिॲक्टरमधून सोडतात. त्यात कॅटॅलिस्ट ठासून भरलेला असतो. पेन्सिलीच्या शिशाचे तुकडे असतात ना, तसे लाखो तुकडे, फक्त नवे असताना रंगाने हिरवट. वरून घाण जाते आणि खालून पाण्यासारखं स्वच्छ डिझेल येतं. (कॅटॅलिस्ट दोघांना जवळ आणतो वगैरे विनोद मनात आला असेल तर गिळून टाका. माझ्या नोकरीच्या पहिल्याच दिवशी दादाचा तो करून झालाय.) पण हा कॅटॅलिस्ट मरतो. गाळातला फॉस्फरस त्याच्यावर बसत जातो, आतला दाब चढत जातो आणि दोन-अडीच वर्षांनी सगळा उपसून नवा भरावा लागतो. त्यासाठी ही माणसं येतात. गावोगाव फिरून तेच करतात.

त्या अकरा दिवसांत मी त्याला जास्त पाहिलं ते हेल्मेटमध्ये. हवेची नळी लावून तो रिॲक्टरच्या तोंडातून आत उतरायचा, आणि मी लॅबच्या खिडकीत बाटल्या पुसत उभी. त्या बाटल्या आधीच स्वच्छ असायच्या. मी त्याला हेल्मेटराव म्हणायचे, तो मला बाटलीबाई. दुपारी तो डबा घेऊन लॅबच्या पायरीवर बसायचा. दुसऱ्या दिवसापासून मीही.

"आत एवढा वेळ काय करता हो?"

"सपाट करतो. एकेक थर, गुडघ्यांवर बसून. कुठे पोकळी राहिली की तेल तिथूनच पळतं. मग बाजूचा कॅटॅलिस्ट नुसता बसून राहतो. चांगला असून कुणाच्या उपयोगाचा नाही."

"आत एकटं वाटत असेल."

"आत नाही वाटत." त्याने डब्याचं झाकण लावलं. "संध्याकाळी लॉजवर वाटतं. दर महिन्याला नवं गाव, नवी खोली. तुमचं बरं, एक जागा आहे."

"हो ना. एक जागा आणि शेजारी एक रिकामी जागा," मी म्हणाले. हसण्यावारी नेणार होते, पण आवाज जरा चिरकला. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि मी घाईने बाटल्यांचं काहीतरी बोलत सुटले.

अकराव्या दिवशी तो बॅग घेऊन दारात आला. चिठ्ठीवर नंबर लिहिलेला.

"दर एक तारखेला दाब कळवाल? भरणं कसं झालंय ते समजेल मला."

"फक्त दाब?"

"म्हणजे... दाब तरी."

एवढंच बोलला आणि गेला. शहाणा कुठला!

मग सुरू झाला आमचा पत्रव्यवहार. एक तारीख. मी— "१.१." तो— "छान." पुन्हा एक तारीख. "१.१." "छान." चौथ्या महिन्यात मी धीर करून लिहिलं, "१.१. इथे पाऊस आहे." उत्तर आलं, "इथे ऊन. छान." त्या एका 'ऊन'वर मी आठवडा काढला. वेडीच की नाही!

संध्याकाळी खोलीवर येऊन कुलूप उघडायचं, एका माणसाचा स्वयंपाक करायचा, आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत जेवायचं. फार वाट बघितली मी त्याची. आणि बघता बघता एक दिवस ध्यानात आलं, की कॅटॅलिस्ट मरेल तेव्हाच तो येणार, आणि तो मरू नये म्हणून तर मला पगार मिळतो. मी काम जितकं चोख करणार, तितका तो लांबणार. असं नशीब कुणाचं असतं का हो?

नवव्या महिन्यात तो टँकर आला. फॉस्फरस दहाच्या आत हवा, निघाला चौदा. परत तपासला. पुन्हा चौदा. खरं सांगू? मी खूश झाले. साहेब आले आणि म्हणाले, "साठा संपत आलाय, आणि चार आकड्यांनी आभाळ कोसळत नाही. तुम्ही ठरवा, मी अडवणार नाही."

कुणी अडवणार नव्हतं. असे चार-दोन टँकर आत घेतले असते तर तीन महिन्यांत तो दारात उभा राहिला असता. मी पेन हातात धरून बसले. डोळ्यांपुढे मात्र तोच येत होता, अंधाऱ्या रिॲक्टरमध्ये गुडघ्यांवर बसून एकेक थर सपाट करणारा. त्याच्या त्या कामावर मी हे ओतायचं, आणि वर त्यालाच म्हणायचं, या?

मी कागदावर 'परत' लिहिलं. ड्रायव्हर हात जोडून काय काय बोलला, मी ऐकलं नाही. बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि पोटभर रडून घेतलं.

एक तारखेला कळवलं, "१.२."

"छान."

त्या 'छान'ला मी चक्क शिवी हासडली.

चौदाव्या महिन्यात, एका साध्यासुध्या मंगळवारी दुपारी, गेटवरच्या काकांचा फोन आला. "ताई, एक माणूस आलाय. पासवर काम काय लिहू विचारलं तर म्हणतो, काही काम नाही. तुमचं नाव सांगतोय. काय करू?"

माझ्या हातातली बाटली मी फार जपून खाली ठेवली.

"बिनकामाच्या माणसाला आत सोडता येत नाही, काका. मीच येते."

तो गेटबाहेरच्या बाकावर बसला होता. बॅग तीच. हेल्मेट नसलं की किती साधा दिसायचा तो! मला बघून उठला.

"कॅटॅलिस्ट?"

"ठणठणीत. अजून वर्षभर तरी मरत नाही."

"माहितीये. दर एक तारखेला कळतंय मला."

"मग... का आलात?"

तो बॅगेच्या पट्ट्याशी चाळा करत राहिला.

"भरताना मनात आलं होतं, शेवटचा थर जरा वाकडा ठेवावा. सहा महिन्यांत परत बोलावलं असतं मला. पण हात धजेना हो. नीटच भरला. मग दर महिन्याला तुमचा आकडा चांगला यायचा, मी 'छान' लिहायचो... आणि मग दिवसभर कुणाशी बोलावंसं वाटायचं नाही."

मला हसू आलं आणि डोळेही भरले, दोन्ही एकदमच.

"मी एक टँकर परत पाठवला," मी म्हणाले. "चौदाचा."

दुसऱ्या कुणाला हे समजावून सांगायला मला तासभर लागला असता. त्याने फक्त विचारलं, "पाठवायचा नव्हता ना?"

"नव्हता."

"मूर्ख आहोत आपण दोघं."

"तू जास्त," मी म्हणाले. 'तुम्ही' कधी गळालं, कळलंच नाही. "मी निदान पाऊस तरी लिहिला होता."

माझी ड्यूटी सुटेपर्यंत तो त्या बाकावर बसून राहिला. काकांनी त्याला दोनदा चहा दिला म्हणे.

संध्याकाळच्या बसला नेहमीसारखी गर्दी. मी खिडकीशी बसले. एक बाई आल्या, शेजारच्या सीटकडे बघितलं, नाक मुरडलं आणि पुढे गेल्या. मागून तो आला, बॅग मांडीवर घेतली आणि बसला.

"वास येतोय?" मी खिडकीबाहेर बघत विचारलं.

"येतोय ना," तो म्हणाला, आणि आणखी जवळ सरकला.