कापडापलीकडचा हात

काम तसं साधंच होतं. उभ्या चौकटीवर भिंतभर कापड ताणलेलं आणि त्यावर भरतकाम. जुन्या काळी राजेलोक आपल्या लढाया अशा कापडांवर भरून घ्यायचे, त्याच धाटणीत चित्रकार बाईंनी आत्ताची लढाई आखली होती. घोड्यांच्या जागी रणगाडे, बाणांच्या जागी ड्रोन. खालच्या काठात ओळीनं मेलेले शिपाई. त्यांचे चेहरे मात्र कोरे ठेवायचे, असं बाईंनी बजावलं होतं.

दोघी जावा हे काम करायच्या. धाकटी पुढून सुई खुपसायची. थोरली कापडामागं बसून ती ओढायची आणि परत पुढं काढायची. एकमेकींचं तोंड दिसायचं नाही, पण हात असे बसले होते की बघावंही लागायचं नाही. धाकटीचा नवरा आघाडीवर होता आणि बरेच दिवस त्याचा फोन नव्हता. घरी जीव नुसता खालीवर व्हायचा, म्हणून बिचारी इथं हात गुंतवून बसायची.

"सारखं बघून फोन येत असता, तर आघाडीवरच्या माझ्या भावाचाही केव्हाच आला असता," थोरली मागून म्हणाली. धाकटी कशीबशी हसली.

हल्ल्यांच्या भीतीनं खिडक्यांना काळे कागद लावलेले. भरदुपारी एका दिव्याचा उजेड. सुई जात होती, येत होती. धाकटी आपली बोलत होती आणि मागून नुसतं "हं... हं..." येत होतं. तेवढ्यात स्टुलावरचा फोन वाजला. तिनं झडप घातली.

थोरलीचा होता. "अगं, पाणी आणायला म्हणून बाहेर पडले, तर मेल्यांनी रस्ताच बंद केलाय. सोडत नाहीत. तू डबा खाऊन घे बाई."

धाकटीनं कापडाकडं बघितलं. "जाऊबाई... तुम्ही गेलात कधी?"

"झाला की तासभर. सांगून तर निघाले. तू 'हं' म्हणालीस ना."

फोन कट झाला. तिनं तो स्टुलावर ठेवला. समोर सुईचं टोक हळूच वर आलं.

ती डावा हात कापडावर टेकून वाकली. काठातला एक चेहरा कोरा नव्हता. भुवईतली खोक, किंचित वाकडं नाक. तिचाच नवरा तो. मागून सुई निघेल तिथून पुढचा टाका घालत तिनंच त्याला भरला होता. आता फक्त एक डोळा राहिला होता.

दोरा मागून ओढला जायला लागला. तिनं उजव्या हातानं सुई गच्च धरली. सुटली तर डोळा पुरा होणार, आणि मग तो काही परत यायचा नाही, अशी तिची खात्रीच पटली. डावा हात उचलायला गेली, तर उचलेना. बाही मनगटापर्यंत कापडाला शिवलेली होती, अगदी सुबक टाक्यांनी.

आणि फोन वाजला. स्क्रीनवर त्याचं नाव. फोन दोनच वितींवर होता, पण हात पोचेना.

वाजायचा थांबला. स्क्रीनवर सेकंद धावू लागले. कापडामागून धाकटीचाच आवाज आला, "हॅलो... बोल रे. किती वाट बघायला लावलीस..."

धाकटी जिवाच्या आकांतानं ओरडली.

"कोण ओरडतंय?" मागचा आवाज हसला. "कुणी नाही रे... मी एकटीच आहे. निघतेच आता घरी."

पावलं दाराकडं गेली. बाहेरून कडी लागली.

दोरा मात्र मागून अजून ओढला जातच होता.