तेवीस मनोरे

"हाही रिकामा!" निकाऊने उचललेला चपटा दगड अलगद जागेवर ठेवला.

"नीट बघ! नाकाखाली असला तरी तुला दिसायचा नाही," त्याची मोठी बहीण मारामा म्हणाली. पण तिलाही धास्ती वाटू लागली होती. कड्यावरच्या या पठारावर दगडांखाली वेटा राहतात. बोटाएवढे, बिनपंखी किडे. हिवाळ्यात गोठून कडक होतात आणि ऊन लागलं की खुशाल चालू लागतात! दर जानेवारीत, म्हणजे इथल्या ऐन उन्हाळ्यात, हुइया मावशी त्यांची मोजणी करायची. यंदा तिचा पाय मुरगळला, म्हणून तिने वही पहिल्यांदाच मारामाच्या हाती दिली होती. गेल्या वर्षी चौऱ्याऐंशी. आज दुपारपर्यंत फक्त अकरा!

"पठारच बदललंय," त्यांचा शाळासोबती फिन म्हणाला. दगडांच्या जागी उघडे खड्डे पडले होते. शेजारची पांढऱ्या फुलांची गुबगुबीत झुडपं वाळली होती. आणि कड्याच्या कडेने दगडावर दगड रचलेले मनोरे उभे होते. एकूण तेवीस!

"चोर सापडले! घरं पळवतायत लोक!" निकाऊ ओरडला.

तिघं गवताच्या उंच झुबक्यांआड दबा धरून बसले. थोड्याच वेळात चार मोठी माणसं धापा टाकत आली. नारिंगी जाकीटवाल्या बाईने थेट एक दगड उचलला.

"उचला की! पण खाली बसलाय ना, तो लाथा उगारतो. चावतोसुद्धा!" निकाऊने आडूनच सांगितलं.

बाईने दगड होता तसा, अगदी हळूच टेकवला.

मारामा कमरेवर हात ठेवून पुढे झाली. "कुणी सांगितलं तुम्हाला असले उद्योग करायला?"

"अगं, सगळेच रचतात! हे बघ," म्हणत बाईने मोबाइल पुढे केला.

फोटोत गेल्या उन्हाळ्यातला, पहिला मनोरा होता. त्याला टेकून जीभ काढून हसणारे तिघं जण, मारामा, निकाऊ आणि फिन! खाली मारामानेच लिहिलं होतं, 'आमचा मनोरा! तुम्हीही या!'

मारामाचे कान तापले. फिन बुटांकडे बघत राहिला.

"ही तूच ना?" बाईने विचारलं.

"हो. पहिला मीच रचला." जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं.

मग सातही जण मनोरे उतरवायला लागले. दगडफुलाची बाजू वर, आणि प्रत्येक दगड ज्याच्या त्याच्या खड्ड्यात! दरीतून ढग वर येईपर्यंत काम चाललं. कितीतरी दगडांची जागा सापडलीच नाही.

"अकरा लिही. कारण कशाला लिहायचं? मावशीला काय कळतंय!" उतरताना फिन कुजबुजला.

मारामाने कारण लिहिलं आणि संध्याकाळी वही मावशीच्या हाती दिली.

"तेवीस मनोरे उतरवलेत? शाबास रे पोरांनो!" मावशीचा चेहरा खुलला.

"पुढचं वाच ना, मावशी."

मावशीने वाचलं आणि वही हळूच मिटली. त्यापेक्षा ती ओरडली असती तर परवडलं असतं.

"शाबासकी मी मागे घेत नाही," ती म्हणाली. "वहीही तुझ्याकडेच राहू दे. पुढच्या जानेवारीत तूच मोज."

"तो फोटो काढून टाकते मी. आत्ताच!" मारामाने मोबाइल काढला.

"काढू नकोस. खालचं बदल."

मारामाने लिहिलं, 'पहिला मनोरा आम्ही रचला. चौऱ्याऐंशींपैकी अकरा उरले.' वर फोटोत ती अजूनही जीभ काढून हसत होती. तिच्याने तिकडे बघवेना.